वालाच्या दिवसांतलं बाळंतपण

शेजारच्या बिऱ्हाडात बाळंतीण आलीय. मी तिला अजून पाहिलेलं नाही. पण रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला निखाऱ्यावर ओवा आणि बाळंतशेपा पडतात, तो वास आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येतो आणि मी डबा भरता भरता थांबते. मग बाळाचं रडणं, बादलीत पाणी ओतल्याचा आवाज, कुणीतरी वयस्क बाई सांगतेय, "हळू, हळू." दहा-पंधरा मिनिटं हे चालतं. त्यानंतर जी शांतता येते ती मला चांगली ओळखीची आहे. बाळ न्हाऊन झोपलेलं असतं, आईचे डोळे मिटायला लागलेले असतात आणि सगळं घर जरा पाय पसरून बसतं.

दिवसही तेच आहेत. दिवाळी होऊन गेली. मुरबाडच्या बाहेर पडलं की दोन्ही अंगांना भात कापून मोकळी झालेली शेतं दिसतात आणि कापलेल्या धाटांच्या मधून वाल वर आलेला असतो. भात निघालं की जमिनीतली ओल वाया जाऊ नये म्हणून आमच्याकडे लगेच वाल टाकतात. तो उगवतो मान खाली घालून. आधी त्याची वाकलेली पाठ वर येते, डोकं नंतर. माझी मुलगी जन्मली तेव्हा आईच्या पडवीतल्या बाजेवरून मला एवढंच दिसायचं. खळं, खळ्यावर भात झोडणारी माणसं आणि पलीकडच्या शेतात पाठी वर काढलेला वाल.

मुलगी आता दुसरीत आहे. त्या हंगामाचं कुणी विचारलं तर मी म्हणते, "छान झालं सगळं." ते खोटं नाही. पण ते छान व्हायच्या आधी बरंच काही झालं होतं. शेजारून वास आला की ते सगळं हळूहळू वर येतं, आणि गंमत अशी की येताना त्याच्याबरोबर भीती येत नाही. सुटल्यासारखं वाटतं.

मी एसटीत कंडक्टर आहे. सातव्या महिन्यापर्यंत मी ड्युटी केली. माहेर धसईजवळच्या एका गावात, सासर शेणव्याला, आणि नोकरीसाठी आम्ही दोघं मुरबाडात भाड्याच्या खोलीत. नवरा, महेश, आसनगावला एका गोदामात कामाला. पहिलं बाळंतपण म्हणून मी आईकडे गेले. कळा एका पहाटे सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या जरा आधी सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. ती अंगाने चांगली भरलेली होती. मला टाके पडले. त्या टाक्यांचं सगळ्यांनी सांगितलं होतं, त्यामुळे मनाची तयारी होती. ज्याचं कुणीच सांगितलं नव्हतं ते दुखणं वेगळंच निघालं. तिसऱ्या दिवशी घरी येताना जीपच्या सीटवर बसले, आणि पाठीच्या अगदी तळाशी कुणी खिळा ठोकावा तशी कळ वर आली. मी ओरडले नाही. ड्रायव्हर ओळखीचा होता, वडील पुढे बसले होते. घरापर्यंत दाराची कडी धरून अर्धी उभी आले.

मला वाटलं, हे असंच असेल. सगळ्यांनाच होत असेल.

घरी आल्यावर माणसं यायला लागली. बाळाचे कान कुणासारखे, नाक कुणासारखं, रंग उघडेल का, असं सगळं बोलणं व्हायचं. येणारी प्रत्येक बाई बाळाच्या बाजूला बसायची. मी पण बाळाकडेच बघायची. दुखतंय हे सांगावं असं वाटायचं, पण सांगायला कुठे सुरुवात करायची ते कळत नव्हतं. जागाच अशी होती. शिवाय नऊ महिने सगळे माझ्या पोटाला जपत होते आणि आता ते पोट रिकामं झालं होतं. नजरा बाळाकडे वळणं साहजिक होतं. मला त्याचा रागही येत नव्हता. फक्त फार एकटं वाटायचं, भरल्या घरात.

खळ्यावर झोडणी चालू होती. पेंढ्या फळीवर आपटल्याचा धप धप आवाज दिवसभर यायचा आणि भाताची बारीक खाजरी धूळ पडवीत शिरायची. त्या धुळीने शिंका यायच्या. शिंक येणार असं वाटलं की मी दोन्ही हातांनी बाज घट्ट धरायची. नव्या भाताची पेज, शेपूची भाजी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं ताटात वेळेवर यायचं. कानाला फडकं, पोटाला आईच्या जुन्या लुगड्याचा पट्टा. पाणी मात्र मोजून. "कच्च्या अंगात पानी साचतं," आई म्हणायची आणि सुंठ घालून उकळलेलं पाणी वाटीवाटीने द्यायची.

पाचव्या दिवशी आईने बाजेखाली शेगडी ठेवायची तयारी केली. तिच्या आईने तिला तसाच शेक दिला होता. निखारे फुलले होते, ओवा मुठीत होता, आणि नेमक्या त्याच वेळी उपकेंद्रातल्या सिस्टर स्कूटीवरून आल्या. चपला काढायच्या आधीच त्या म्हणाल्या, "ही आधी बाहेर न्या. टाके आहेत तिला. धूर बाळाच्या छातीत जाईल."

"आमी सगळ्या अशाच उठलो," आई म्हणाली.

"उठलात, मावशी. मी नाही म्हणत नाही. पण टाक्यांना कोमट पाणी बरं. एक रुंद घमेलं घ्या, नवं. त्यात दिवसातनं दोनदा बसू दे हिला. मग हलक्या हाताने कोरडं करायचं. आणि पाणी पिऊ दे, भरपूर."

आईने शेगडी उचलून बाहेर नेली. पाणी मात्र ती वाटीवाटीनेच देत राहिली. वडील खळ्यावरून हे बोलणं ऐकत होते. त्यांनी बाळंतिणीच्या कुठल्याही गोष्टीत कधी तोंड घातलं नव्हतं. दुपारी ते धसईच्या बाजारातून आले, एक कोरं करकरीत घमेलं मोरीच्या दाराला टेकवून ठेवलं आणि परत झोडणीला गेले. पहिल्यांदा त्या कोमट पाण्यात टेकले तेव्हा टाक्यांची आग जरा खाली उतरली. माकडहाडाची कळ होतीच, पण आग उतरली. घमेल्यात बसून मी रडले, बऱ्याच दिवसांनी, आणि ते रडणं चांगलं होतं.

सिस्टर जशा त्या दिवशी आल्या, तशीच दुसऱ्या सकाळी बुधीबाय आली.

बुधीबाय डोंगराच्या अंगाच्या वाडीवरची. आमच्या गावातल्या बहुतेक पोराबाळांना तिने न्हाऊमाखू घातलेलं, मलाही. तेव्हा तिचं वय साठीच्या पुढचं असेल. उंच, काटक, पायात कधी चप्पल नाही. येताना ती निरगुडीचा पाला आणि मोहाच्या बियांचं तेल आणायची. थंडीत ते तेल तुपासारखं थिजतं. ती बाटली चुलीच्या कडेला ठेवायची आणि तेल सुटेपर्यंत माझ्याशी बोलत बसायची. आई घाईत असायची. बुधीबायला घाई नसायची.

बाळाकडे तिने त्या दिवशी आधी बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू एकाच बाजूवर का बसतेस गो?"

"टाके दुखतात."

"टाके मधी असतात. तू उजवीकडं कलतेस. वळ बघू."

मी वळले. तिने बोटाने मणका मोजत मोजत खाली यायला सुरुवात केली आणि तळाशी आल्यावर बोट नुसतं टेकवलं. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने बाळ जागं झालं.

"हितं हाय," बुधीबाय म्हणाली. "बाळ बाहेर येताना हाड मागं रेटलं असंल. मी ह्याला दाबनार नाय. पन तू बसून पाजायचं बंद कर. कुशीवर नीज आनि पाज."

"झोपून पाजलं तर दूध कानात जातं," आई म्हणाली.

"डोकं जरा वर ठेव पोरीचं. कान कशाला भरंल?" असं म्हणून तिने बाळाच्या मानेखाली घडी घातलेलं फडकं सरकवलं, माझ्या पाठीला उशी लावली, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक गोधडी दिली आणि बाळ माझ्या कुशीत ठेवलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच मी दात न आवळता मुलीला पाजलं. पुढच्या खेपेला सिस्टरांनी ते बघितलं, बाळाचं नाक मोकळं आहे ना एवढं तपासलं आणि म्हणाल्या, "हे कुणी शिकवलं? बरोबर आहे."

मग रोज सकाळी बुधीबाय यायची. पालथं निजवून पाठ, खांदे, मान. बाळाला घेऊन घेऊन खांद्यात ज्या गाठी झालेल्या असायच्या त्या तिच्या अंगठ्याखाली विरघळायच्या. टाक्यांच्या आसपास तिने तेलाचा थेंब जाऊ दिला नाही. आईने एकदा तिला म्हटलं, तिथेही जरा शेक दे, तर म्हणाली, "नवं शिवलेलं कापड आगीपाशी नेतीस का तू?" निरगुडीचं पाणी ती अंगावर उंचावरून ओतायची, बेताचं गरम, कमरेवर जरा जास्त. ते पाणी पडत असताना मला कशाचीही आठवण नसायची. पुढच्या ड्युटीची नाही, रात्रीच्या जागरणाची नाही.

आणि रोज सुरुवातीला एकच विचारायची, "आज कुठं दुखतं?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला मी शिकले. आधी म्हणायची, "सगळीकडे." ती म्हणायची, "सगळीकडं असं काय नसतं. नीट सांग." मग मी शोधायची. मान, डावा खांदा, स्तनाच्या खालची बाजू, तळाचा खिळा. नाव घेतलं की दुखणं जरा लहान व्हायचं, निदान त्याला कडा तरी मिळायच्या. तेलाने किती बरं वाटलं, पाल्याने किती आणि त्या विचारण्याने किती, हे मला आजही वेगवेगळं करून सांगता येणार नाही.

अकराव्या दिवशी मी सांगितलं, "आज पाय दुखतो. डावा. पोटरी."

खरं तर आदल्या दिवसापासूनच पाय जड वाटत होता. एका बाजूवर कलून बसल्यामुळे असेल, असं मला वाटलं. आईने बघितलं होतं. "शिरेवर शीर चढली असंल," ती म्हणाली. "बुधे, आज पायच चोळ चांगला. जरा जोर लाव."

बुधीबायने तेल हातावर घेतलं होतं. ती माझ्या पायाशी बसली आणि हात पुढे नेऊन थांबली. तेल तसंच तळहातावर. मग तिने दुसऱ्या हाताची मागची बाजू आधी उजव्या पोटरीला लावली, मग डाव्या. पुन्हा उजव्या. मला म्हणाली, "दोनी पाय सरळ ठेव." पोट बांधायच्या पट्ट्याची एक चिंधी फाडून तिने उजव्या पोटरीभोवती धरली, नखाने खूण केली आणि तीच चिंधी डाव्या पायाला लावली. खूण पुरली नाही. दोन बोटं कमी पडत होती.

तिने हात फडक्याला पुसले. बाटलीला बूच लावलं. उठून उभी राहिली.

"ह्या पायाला मी हात नाय लावायची."

"म्हंजे?" आई म्हणाली.

"गाडी बोलवा. डागदरकडं न्या. आत्ताच्या आत्ता. आनि हिला चालवू नका."

"अगो, बारा दिवस नाय झाले अजून. कच्ची बाळंतीण, वारं लागंल. पाय तर दुखतोय नुसता. तू चोळून तर बघ!"

"नाय," बुधीबाय म्हणाली. तिचा आवाज मी तोपर्यंत एवढा मोठा ऐकला नव्हता. खळ्यावरचा धप धप आवाज थांबला. "सांगते ना, नाय. तुमीही कुनी चोळायचा नाय. नुसता राहू दे तो."

आई मग खरंच चिडली. मालिश करणाऱ्या बाईने मालिश करायला नकार द्यावा, आणि तोही लेक दुखतंय दुखतंय म्हणत असताना, हे तिला पटेना. मलाही पटेना. मला तर तो पाय कुणीतरी घट्ट दाबावा, पिळून काढावा, असंच वाटत होतं. मी म्हणाले, "बुधीबाय, हळू हळू चोळ ना. थोडा वेळ." तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. तिचे डोळे भरलेले होते, हे मला दिसलं. का, ते तेव्हा समजलं नाही.

मी फोन उचलून सिस्टरांना लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. एकच पाय का? गरम आहे का? दम लागतो का? मग म्हणाल्या, "कुणी चोळलं नाही ना?"

"नाही."

"चोळूही नका. निघा तुम्ही. मुरबाडला थांबू नका, सरळ कल्याण. मी तिथे फोन करून ठेवते."

वडिलांनी हातातली पेंढी खाली ठेवली. शेजारच्यांची भाजी नेणारी जीप दारात आली. मागची सीट आडवी झोपायला मोकळी केली. आई पुढे बसली आणि मुलीला घेऊन बुधीबाय माझ्या पायाशी. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं. ती चढली. सबंध वाटभर ती बाळाला एका हाताने धरून होती आणि दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या पायाच्या बाजूला, सीटवर, पाय हिसक्याने घरंगळू नये म्हणून. पायाला मात्र तिने स्पर्श केला नाही. मी छताकडे बघत होते. श्वास घेऊन बघत होते, दम लागतोय का. लागत नव्हता. पुन्हा घेऊन बघत होते. ज्या रस्त्यावर मी रोज तिकिटं फाडत उभी असते तो रस्ता पाठीवर पडून मी पहिल्यांदाच गेले. झाडांचे शेंडे आणि तारा, तेवढंच दिसत होतं.

कल्याणच्या दवाखान्यात पायाची सोनोग्राफी झाली. पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती आणि ती गुडघ्यापर्यंत चढत आली होती. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. बाळंतपणानंतर रक्त लवकर गोठतं, फार पडून राहिलं, पाणी कमी प्यायलं, तर कधी कधी असं होतं. आणि ती गुठळी सुटून छातीत गेली तर जीव जाऊ शकतो. मग त्या बुधीबायकडे वळल्या. तिच्या कमरेला तेलकट फडकं खोचलेलं होतं, तेल-निरगुडीचा वास तिच्या अंगाला होता. त्यांना जे वाटायचं ते वाटलं असणार. "मालिश केलीत का?" त्यांनी जरा जरबेनेच विचारलं.

"पायाला नाय केली," बुधीबाय म्हणाली.

"नक्की?"

"आज चोळायला हातच नाय लावला. चिंधीनं मोजला फक्त."

डॉक्टर बाई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "फार चांगलं केलंत, आजी. फार चांगलं." आणि स्वतःची खुर्ची तिला बसायला दिली. बुधीबाय खुर्चीवर बसली नाही. बाळाला घेऊन भिंतीला टेकून खाली बसली आणि तिथेच तिला एकदम रडू फुटलं. आई तिच्या शेजारी बसली.

पाच दिवस मी तिथे होते. पोटात इंजेक्शनं घ्यायची, रोज दोन. महेश रजा टाकून आला. नर्सने त्याला इंजेक्शन द्यायला शिकवलं. पहिल्यांदा त्याने सुई टोचताना स्वतःचेच डोळे मिटले, तेव्हा मलाच हसू आलं, आणि हसताना टाके दुखले, तरी हसत राहिले. मी माहेरी असेपर्यंत तो शेणव्याच्या घरीच राहत होता. मी परत आल्यावर पुढचे कितीतरी दिवस तिथून किन्हवली, सरळगाव करत तो मोटारसायकलवर यायचा, कामावर जायच्या आधी सकाळचं इंजेक्शन द्यायला. संध्याकाळचं सिस्टर द्यायच्या. पायात मांडीपर्यंत घट्ट मोजा. आई तांब्या भरून माझ्यासमोर उभी राहायची आणि तो रिकामा होईपर्यंत हलायची नाही. पाणी कमी दिल्याचं ती कधी बोलली नाही. नुसती तांब्या घेऊन उभी राहायची. पूर्ण प्यायलेला बघितला की पदराने तोंड पुसायची, माझं आणि मग स्वतःचंही.

डॉक्टर बाईंनी सांगितलं होतं, पायांना आता महिनोन् महिने मालिश नको. पाठ, खांदे, हात चालेल, हलक्या हाताने. बुधीबायने हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि मगच तेलाची बाटली चुलीपाशी ठेवली. मार्गशीर्ष लागला होता. झोडणी संपून खळं रिकामं झालं होतं, पेंढा रचून झाला होता, वालाला तिसरं-चौथं पान फुटलं होतं. उन्हात चटई टाकून ती माझे खांदे चोळत होती. मी विचारलं, "बुधीबाय, तुला कसं कळलं?"

तिचे हात थांबले नाहीत.

"माजी भावजय होती," ती म्हणाली. "पैलं बाळंतपन. तिचा पाय असाच. गरम, तटतटीत. सगळी म्हनाली, चोळ. ती पन म्हनाली, वन्सं, जोरात चोळा. मी तवा जवान होते, अंगात जोर. चोळला. तिला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिशी पानी आनायला उठली नि दारातच दम कोंडला. गेली." तिचा अंगठा माझ्या खांद्यावर फिरत राहिला. "माज्या हातानं गेली का तशीच जानार होती, मला कुनी सांगितलं नाय. मी इचारलं पन नाय कुनाला. पन पाय इसरले नाय तिचा. हाताला सगळं ध्यानात हाय. तवापासनं आधी दोनी पाय बघते."

मी पुढे तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्की कुणीच सांगू शकत नाही, न चोळताही असं होतं. हे मी जसंच्या तसं बुधीबायला येऊन सांगितलं. ती वाल निवडत होती. तिने ऐकून घेतलं, वर बघितलं नाही. फक्त म्हणाली, "असं म्हनाली ती?" आणि जरा वेळाने पुन्हा, "असं म्हनाली."

गुठळी विरघळायला तीन महिने लागले. माकडहाडाने त्याहून जास्त घेतले. मुरबाडच्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्ट यायच्या. त्यांनी मला श्वास घ्यायला शिकवलं. हे लिहिताना विचित्र वाटतं, पण खरंच श्वासच. पोटाच्या तळापर्यंत न्यायचा आणि खालचे स्नायू हळूच सोडायचे, मग हळूच वर ओढायचे. बसायला मागून उघडी अशी गादी घ्या म्हणाल्या आणि फोनवर तिचं चित्र दाखवलं. आईने वाकून बघितलं. "ही तर चुंबळ," ती म्हणाली. हंडा डोक्यावर घेताना खाली ठेवतात ती. घरी येऊन तिने जुन्या लुगड्यांची एवढी मोठी चुंबळ वळली, मागच्या बाजूने तोडून घोड्याच्या नालासारखी केली आणि वरून टाके घातले. बुधीबाय मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कमरेला शेक द्यायची, आधी स्वतःच्या गालाला लावून बघत. फिजिओथेरपिस्टला विचारलं तर म्हणाल्या, "चालेल. भाजू देऊ नका." असा सगळ्यांनी मिळून तो खिळा थोडा थोडा सैल केला. एका दिवशी नाही. कुठल्याच दिवशी नाही. रोज मला वाटायचं कालच्याइतकंच आहे.

माझी काळजी नोकरीची होती. आमचं काम उभ्याचं आणि आदळत बसायचं. बस खड्ड्यातून गेली की कंडक्टरच्या सीटवर बसलेल्या माणसाला पहिला दणका. टेबलावरचं काम मिळेल का म्हणून अर्ज लिहून ठेवला होता. महेश म्हणाला, दे. मी पर्समध्ये ठेवला आणि म्हटलं, आधी एक दिवस बघते.

चैत्रात हजर झाले. मुरबाड–धसई, दुपारची फेरी. ड्रायव्हर भास्करभाऊ, जुने ओळखीचे. त्यांना महेशने काहीतरी सांगितलेलं असावं, कारण गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी आरशातून माझ्याकडे बघून मान डोलावली. मी चुंबळ सीटवर ठेवली होती. पण स्टँडवरच गर्दी झाली, करवंदांच्या दोन पाट्या आत आल्या, एका म्हातारीला गुडघ्याने उभं राहवेना, तिला मी माझी सीट दिली आणि चुंबळ तिच्याखालीच गेली. मी तिकिटं देत पुढे सरकले. कुणाला धसई, कुणाला फाट्यावर. एक बाई मुलाचं तिकीट काढायला तयार नाही, तो अजून पाच वर्षांचाही नाही म्हणते आणि मूल म्हणतंय, मी सहाचा. सगळे हसले. मीही हसले. गर्दी कमी झाली तशी मागच्या बाकड्यावर, चाकाच्या बरोबर वर, टेकले आणि मशीनवर हिशेब बघत बसले. खिडकीतून वारा येत होता. बाहेर उन्हाने शेतं पांढरी पडली होती.

सरळगाव मागे गेलं. मग तो खराब तुकडा आला, जिथे सगळी बस एकदम वर उडते. उडाली. पाट्यांतली करवंदं खाली सांडली. मी वाकून चार-पाच उचलून त्या बाईला दिली आणि परत टेकले. आणखी दोन थांबे गेले असतील. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, चुंबळ तर त्या म्हातारीकडेच राहिली होती आणि तळाचा खिळा मला लागलाच नव्हता.

मी उठून उभी राहिले. मग पुन्हा बसले, जरा जोरानेच. पुन्हा उठले. पुन्हा बसले.

भास्करभाऊंना ते आरशात दिसलं. त्यांनी गाडी हळू केली आणि मान वळवून मोठ्याने विचारलं, "काय गो? काय झालं?"

"काय नाय," मी म्हणाले. "भाऊ, काहीच नाय. चला."